पुतळाबाईचा नारिंगी धागा

विठ्ठलवाडी डेपोमागच्या चाळीत पुतळाबाईने महिनाभर धुरात स्वयंपाक केला. एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांमागे चिमणीने घरटं केलं होतं, म्हणून बाईने पंख्याच्या बटणावर चिकटपट्टीच मारून टाकली. फोडणी पडली की अख्खं घर खोकायचं. सून राजसी वैतागून म्हणायची, "आई, आमच्यापेक्षा चिमणी जास्त झाली तुम्हाला."

"तुजं बालंतपन मी क्येलं ना? मंग हिचं पन होऊ दे."

बाईचं वय सत्तरच्या पुढे. माहेर-सासर दोन्हीकडे शेती, दोन्हीकडे आता बिल्डिंगी. वीसएक वर्षं ती घरी धागा कटिंग करते. उल्हासनगरच्या कारखान्यातून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे येतात, त्यांचे लोंबणारे धागे कापून द्यायचे. मुठीत मावणारा कटर घेऊन दारात बसते ती. एका डोळ्यात मोतीबिंदू. पण बोट शिवणीवरून फिरवलं की सुटलेला धागा तिला बरोबर सापडतो. कापडाला आजवर एक चीर नाही. कारखान्याचा माणूस एकदा माल तपासायला लागला, तर म्हणाली, "तुज्या बायकोच्या भाकरीपन अशाच उलटून बगतस का रं?" परत नाही तपासलं त्याने.

मी या भागात चिमण्यांसाठी काम करतो. मार्चमध्ये नाक्यावर बॅनर लावला होता: 'कापलेले धागे कचऱ्यात टाकू नका, घरट्यासाठी चिमणीला द्या!' इथे घराघरात धागा निघतो, म्हणून ही आयडिया. माझी स्वतःची. पुस्तकातली नाही, कोणाला विचारलेली नाही.

रविवारी सकाळी बाईचा फोन आला. "जितेश, ये. आत्ताच ये." मला वाटलं, पिल्लं उडायला आली असतील. फोटो काढायला मोबाइल चार्ज करून गेलो.

गॅलरीत पंख्याच्या भोकाबाहेर एक पिल्लू उलटं लटकत होतं. फडफडायचं, थकायचं, चोच उघडी टाकून झुलायचं, परत फडफडायचं. एका पायाला धागा, धाग्याचं दुसरं टोक घरट्यात. चिमणी चोचीत किडा घेऊन वायरवर नुसती ओरडत होती. स्टुलावर चढून आत टॉर्च मारला. आणखी दोन पिल्लं होती. पायांत पाय गुंतलेले, एकाच गाठीत. दोघांनाही मुंग्या लागल्या होत्या.

 

आणि मग डोकं सटकलं. शेजारचा धर्मेश स्कूटरवर विष्ठा पडते म्हणून रोज कटकट करायचा. तोंडात ब्रश असलेल्या अवस्थेत त्याला बाहेर ओढला. "पिल्लांना बांधतो काय रे? हिंमत कशी झाली?"

"अरे पागल है क्या? मैं तो अभी उठा!"

"सोड त्याला," बाई दारातून म्हणाली. "वरडू नको. धागा बग आदी."

बघितला. नारिंगी, जाड, पक्क्या पिळाचा. जीन्सवरच्या दुहेरी शिलाईचा.

"माजाच हाय तो. तू बोललास ना, चिमनीला द्या. रोज खिडकीत ठेवत होती मी. लांब लांब निवडून ठेवायची, तिला बरं पडंल म्हनून."

मी धर्मेशचा हात सोडला. तो तोंडात फेस घेऊन तसाच उभा. तोच म्हणाला, "मावशी, ये वाला तो जिंदा है ना?"

"जिता हाय. पन स्टुलावर माजा गुडगा चढत नाय आनि तुमच्या हाताला कटर येत नाय. जितेश, त्याला खाली आन."

वरचा धागा तोडून मी पिल्लू ओंजळीत घेतलं. गरम होतं, काळीज एवढं जोरात उडत होतं की माझीच बोटं हलत होती. धागा पायात रुतलेला, वर मांस सुजून आलेलं. धागा दिसतच नव्हता.

"मावशी, पाय कापला जाईल."

"गप. हलू नको."

तिने डोळे मिटून घेतले. अंगठ्याने तो काडीएवढा पाय चाचपला, कटरचं टोक तिरपं सुजेखाली सरकवलं. टक्. चिमूटभर नारिंगी धागा निघाला. बोटाएवढा लांबसुद्धा नसेल. रक्ताचा एक थेंब आला, बस्स.

तेव्हा ती रडली. कटर पदरात टाकून, तोंड दाबून. "दोन मारली रं मी. माज्या हातानं मारली."

"तुम्ही नाही मावशी," मी म्हणालो. तो नारिंगी तुकडा उचलून मुठीत घेतला.  "मी."

मेलेली दोन्ही पिल्लं बाहेर काढली आणि घरट्यातला धागा न धागा तिने सांगितलं तसा मी वेचला. पिल्लू आत ठेवलं. चिमणी तासाभराने आली.

त्याच दुपारी नाक्यावर जाऊन बॅनर उतरवला. पानवाला हसत म्हणाला, "काय जितेशभाऊ, पार्टी बदलली का?" त्याला खरं काय ते सांगितलं. मग दारोदार फिरून तेच सांगितलं. धागा बाहेर ठेवू नका, मी चुकीचं बोललो होतो. काही जण हसले. हसू दे.

पाचव्या दिवशी पिल्लू उडालं. एक पाय पोटाशी आखडलेला, वायरवर बसताना दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा बसलं. बाईने बटणावरची चिकटपट्टी काढली, बोट ठेवलं आणि थांबली.

"चढ रं स्टुलावर. आदी आत बग."