टॅबलेटने घेतलेले नंबर

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता मनातल्या मनात त्यांची उत्तरं काढत असते. वायरिंग तपासलं होतं का, मांजर असेल का, त्या दिवशी ताप होता का... माझा अशा गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. घरात काही बिघडलं की मी वही काढते. तिच्यात चार रकाने आहेत – तारीख, लक्षण, काय केलं, कारण. मिक्सर, गीझर, वायफाय, प्रिंटर, सगळ्यांच्या नोंदी आहेत. चौथा रकाना रिकामा राहिलेली नोंद एकच. तीच लिहिते आहे.

आधी जागा नीट सांगते. आम्ही नवा रायपुरला राहतो, सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. मी सरकारी कार्यालयात आहे, घरापासून दहा मिनिटांवर. माझे मिस्टर भिलाईला नोकरीला, शनिवारी येतात. मागच्या खोलीत माझे वडील. बाबा मूळचे वर्ध्याकडचे, पण रेल्वेची सगळी नोकरी इकडेच झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. त्यांना किती समजतं हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून मोकळा प्लॉट दिसतो आणि पलीकडे रुंद रस्ता. रेल्वे लाईन दिसत नाही, गाडीचा आवाजही येत नाही. हे मी नंतर गच्चीवर जाऊन दोनदा तपासलं.

दिवसभर बाबांजवळ फुलेश्वरी असते. शेजारच्या गावातली, चाळिशीची बाई. आंघोळ, खाणं, औषध, कुर्सीत बसवणं, सगळं तीच करते. बाबांसाठी भजनं लावायला खोलीत स्टँडवर एक टॅबलेट ठेवला आहे.

गेल्या हिवाळ्यात, एका सोमवारी संध्याकाळी, मी भजनं बंद करायला गेले तर टॅबलेटवर नोट्सचं अॅप उघडं होतं, आणि त्यात आकडे. एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळीत अकरा आकडे. मला वाटलं, फुलेश्वरीचा हात लागला असेल. पुसून टाकले. मंगळवारी पुन्हा. वेळ दिसत होती – दुपारी तीन वाजून काही मिनिटं.

वही काढली. स्क्रीन आपोआप टच घेऊ लागली तर बहुतेक वेळा चार्जर दोषी असतो, विशेषतः सस्ता असेल तर. चार्जर बदलला. स्क्रीनगार्ड काढला, काच पुसली, टॅबलेट बंद करून चालू केला. बुधवारी नंबर आलेच. मग कीबोर्डला दिलेली माइकची परवानगी काढून घेतली – बोलून टाइप करायची सोय असते ना, ती बंद. गुरुवारी नोट्स कोरं. परवानगी परत दिली – शुक्रवारी नंबर हजर.

म्हणजे टचचा दोष नव्हता. टॅबलेट ऐकून लिहीत होता. आणि दुपारी त्या खोलीत बोलू शकणारं माणूस एकच होतं.

आता माझ्या डोक्यात काय आलं ते लपवत नाही. आमच्या बँकेचा खाते नंबर अकरा आकड्यांचा असतो. फोनवरून फसवणारे लोक घरात काम करणाऱ्यांना कसे हाताशी धरतात, हे आमच्या ऑफिसात रोज चघळलं जातं. मी त्याच संध्याकाळी सगळे पासवर्ड बदलले. मिस्टरांना फोन केला.

"आकडे म्हणते ना तू," ते म्हणाले, "मग बाबांनी क्लार्कगिरी पुन्हा सुरू केली असन."

"मी मजाक करून नाही राहिली."

"अगं, ती बाई बाबांले पोटच्या पोरीसारखी सांभाळते. जरा धीर धर."

हे पोटच्या पोरीला सांगायचं नसतं. मी धीर धरला नाही. शनिवारी सकाळी फुलेश्वरीला समोर उभं केलं.

"दोपहर में फोन पे नंबर किसको बताती हो?"

"काकर नंबर दीदी?"

मी टॅबलेट दाखवला. तिने वाकून बघितलं आणि हसली. "अतका लंबा? मैं चौथी पढ़े हंव दीदी. अपन घरवाला के नंबर तको याद नइ हे."

नवऱ्याचा नंबरही पाठ नाही म्हणे! तिचं हसणं मला अजिबात पटलं नाही. मी तिला सांगून टाकलं की सोमवारपासून येऊ नकोस.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने पदर खोचला, बाबांची औषधाची डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "डेरी डहर ले खवाहू दीदी. नइ तो ठसका लगथे." म्हणजे डाव्या बाजूने भरवा. दोन वर्षं मी रविवारी बाबांना भरवत होते, आणि दर रविवारी त्यांना ठसका लागत होता. मी समजत होते की आजारच तसा आहे.

सोमवारी मी रजा टाकली. बाबांनी सकाळचा शिरा खाल्ला नाही. डाव्या बाजूने दिला तरी नाही. दुपारचं वरणही नाही. तोंड मिटून दाराकडे बघत राहिले. मी नवी बाई शोधायला तीन फोन केले, यादीत तीन नावं लिहिली, आणि प्रत्येक वेळी बाबांच्या नजरेला नजर न देता बाहेर आले.

तीनच्या सुमाराला बाबा डाव्या हाताने कुर्सीच्या दांड्यावर ठोकू लागले. काय हवं ते कळेना. पाणी दिलं, नको. शाल दिली, नको. शेवटी कुर्सी खिडकीकडे वळवली, तेव्हा ठोकणं थांबलं. मी पलंगावर बसले. टीव्ही बंद, फोन सायलेंटवर, पंखाही बंद.

टॅबलेटचा तो छोटा आवाज झाला, माइक सुरू होतो तेव्हाचा. नोट्स उघडलं. आणि आकडे येऊ लागले.

खोलीत आवाज नव्हता. फुलेश्वरी नव्हती. मी माझ्या फोनवर व्हिडिओ सुरू केला आणि बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले. तोंड मिटलेलं. नजर बाहेर. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर हळूहळू सरकत होता, बस.

त्या क्षणी मनात जे आलं ते फुलेश्वरीवरच्या संशयापेक्षा वाईट होतं. मला वाटलं, बाबा बोलू शकतात. दोन वर्षं बोलू शकतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. लाज वाटते लिहायला... चोराची झडती घ्यावी तशी ठेवली. गळा गप्प होता. श्वास शांत. आणि माझ्या मागे टॅबलेटवर आकडे येतच होते.

मग मी नीट बघितलं. एका नंबरचे आकडे सलग येत नव्हते. दोन, मग थोडं थांबून दोन, पुन्हा दोन, मग चार, आणि शेवटी एकटा एक. आणि एक नंबर संपला की दुसरा सुरू होईपर्यंत दहा-पंधरा सेकंद. शांतता झाली की बोलून टाइप करणं आपोआप बंद होतं, हे तुम्हीही करून बघा. हे बंद होत नव्हतं. वीस मिनिटांत अठ्ठावन्न नंबर झाले आणि माइक आपोआप बंद पडला.

दोन-दोन-दोन-चार-एक. हे मी ऐकलेलं होतं, बाबांच्याच तोंडून.

बाबा यार्डात नंबर टेकर होते. मालगाडी येऊन उभी राहिली की तिच्या कडेने चालत जायचं आणि प्रत्येक डब्यावरचा नंबर वहीत उतरवायचा, हे काम. त्यांच्या निवृत्तीच्या दोनेक वर्षं आधी डब्यांचे नंबर अकरा आकडी झाले. तेव्हा मी माहेरी आले की बाबा मला वही धरायला देऊन, असेच तुकडे पाडून मोठ्याने नंबर म्हणायचा सराव करायचे. पहिल्या दहा आकड्यांचा एक ठरलेला हिशोब केला की अकरावा आकडा यायलाच पाहिजे. "शेवटचा आकडा साक्षीदार आहे पोट्टी," ते म्हणायचे. "त्याच्याशी जमलं नाही तर समज, लिहिणारा चुकला." न जमलेल्या आकड्याभोवती ते पेन्सिलने गोल करायचे.

मी कॉम्प्युटर लावला. अठ्ठावन्न नंबर एक्सेलमध्ये टाकले आणि हिशोबाचं सूत्र बसवलं. यंत्राने हवेतून काहीही ऐकून लिहिलं असेल, तर दहातला एखादा नंबर योगायोगाने जमेल. सत्तावन्न जमले. एकोणचाळिसावा तेवढा जमला नाही. त्याच्या शेवटी नऊ होता, आणि हिशोबाने चार यायला हवा होता.

गजभिये भैयांना फोन केला. ते तरुणपणी बाबांच्या हाताखाली लागले, आता स्वतः निवृत्तीला आलेत, अजून यार्डातच आहेत. कुठून आले ते न सांगता पाच-सहा नंबर वाचून दाखवले. ते म्हणाले, सगळे पाठवा. अर्ध्या तासाने फोन आला, आणि आवाज बदललेला होता.

"ताई, हे तुम्हाले कुठून भेटलं?"

"का? काय आहे ते?"

"आजची रेक आहे, अख्खी मालगाडी. तिकडे सिलतऱ्याच्या कारखान्याच्या साइडिंगले दुपारी लागली. हेच डबे, याच क्रमानं. कोणं देल्ली तुम्हाले ही लिस्ट?"

"सगळे बरोबर आहेत?"

"एक चुकीचा आहे. एकोणचाळीस नंबरचा. सिस्टीममध्ये शेवटी चार आहे, तुमच्यात नऊ. पण तुम्ही माह्या प्रश्नाचं उत्तर नाही देल्लं."

मी खरं ते सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "साहेबांची पोरगी आहात म्हणून ऐकून राहिलो. दुसरं कोणी असतं तर वर कळवलं असतं."

मला थोडा आधार वाटला होता, हे कबूल करते. एक चूक निघाली म्हणजे कुठून तरी डेटा गळतो आहे, टॅबलेट कसला तरी सिग्नल पकडतो आहे, आणि पकडताना एक आकडा बिघडला. वहीत कारणाच्या रकान्यात पेन्सिलने तसं लिहूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजभियेंनी एक फोटो पाठवला. रेक अजून तिथेच रिकामी होत होती आणि ते मुद्दाम बघायला गेले होते. लोखंडी डब्याची धुळीने माखलेली कड, पांढऱ्या रंगातला नंबर, आणि शेवटी ठसठशीत नऊ.

पाठोपाठ फोन. "ताई, डब्यावर नऊच लिहून आहे. रंगवणाऱ्यानं कधीतरी चाराचा नऊ करून ठेवला. कागदात चार, सिस्टीममध्ये चार. नऊ फक्त डब्यावर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची लिस्ट कॉम्प्युटरमधून नाही आली. कोणीतरी कडेकडेनं चालत, डोळ्यानं पाहून लिहिली आहे."

मी वहीत पेन्सिलने लिहिलेलं कारण खोडलं.

फोटो टॅबलेटवर मोठा करून बाबांसमोर धरला. कोणता आकडा ते दाखवलं नाही. त्यांनी बघितलं, डावा हात उचलला आणि शेवटच्या नऊच्या आकड्याभोवती बोटाने गोल काढला. बोटाबरोबर फोटो स्क्रीनवर सरकला. मी परत जागेवर आणला. त्यांनी परत गोल काढला. याचं कारण मी देऊ शकते: त्यांनी मनात हिशोब केला असेल. म्हणजे बाबांना समजतं. सगळं समजतं. मी तीन बायकांना त्यांच्यासमोर फोन केले होते तेही.

दुपारी शेजारणीला बाबांजवळ बसवून मी फुलेश्वरीच्या गावाला गेले. तिचं घर तलावाच्या पाऱ्यात, म्हणजे तलावाकडच्या वस्तीत आहे. ती अंगणात तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीची भाजी निवडत बसली होती, उठली नाही.

"गलती हो गई फुलेश्वरी. बाबूजी खाना नहीं खा रहे."

"फेर नंबर निकलही त?"

"निकलने दो."

"अउ मोला पूछहू?"

"नहीं पूछूँगी."

"हव," ती म्हणाली, आणि भाजी तशीच पिशवीत भरून माझ्या गाडीत बसली.

न विचारायचं कबूल केलं होतं, तरी रस्त्यात विचारलंच – तीन वाजता काय होतं?

"बाबूजी कुरसी ठोंकथें, मैं खिड़की डहर घुमा देथंव. फेर ओमन गिनथें."

"क्या गिनते हैं?"

"मोला का पता दीदी. मैं भाजी निमारथंव." म्हणजे तेव्हा ती भाजी निवडत असते.

बाबांनी त्या संध्याकाळी दीड पोळी खाल्ली, डाव्या बाजूने, एकदाही ठसका न लागता. टॅबलेट तिथेच आहे, माइकची परवानगी मी काढलेली नाही. त्यानंतर एकही नंबर आला नाही. व्हिडिओ माझ्याकडे आहे, वीस मिनिटांचा. त्यात काहीच ऐकू येत नाही, आणि माझी दोन बोटं बाबांच्या गळ्यावर दिसतात.

गजभिये मधून मधून फोन करतात. बाबांची तब्येत विचारतात, आणि ठेवायच्या आधी तोच प्रश्न, अजूनही संशयाने – "ताई, खरं सांगा. यार्डात तुमचं कोण आहे?"

मी सांगते, कोणी नाही भैया. बाबा तर घरीच असतात.