ताळेवाल्यांनी मागे ठेवलेलं पान

ताळेवाल्यांनी दुसऱ्याचं गणित चोरलं आणि पकडले गेले, म्हणून त्यांना संस्थेचं घर सोडावं लागतंय, अशी बातमी तळमजल्यावरच्या पत्रपेट्यांपाशी जन्मली. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत तिच्यात पोलीसही आले होते. बातमी साफ खोटी. चोरी करायला अंगात थोडी तरी धमक लागते, आणि ताळेवाल्यांना जिन्यात समोरून कुणी आलं तर आधी बाजूला कुणी व्हायचं हेसुद्धा पटकन ठरवता येत नसे. त्यांनी कुणाचं काही घेतलं नाही. स्वतःचं होतं तेच त्यांना राखता आलं नाही, आणि त्यातला निम्मा दोष त्यांचा स्वतःचा.

हे नाव त्यांना संस्थेच्या भौतिकशास्त्र विभागातल्यांनी दिलेलं. ताळा म्हणजे गणिताचा ताळा: आलेलं उत्तर खरं की खोटं हे दुसऱ्या वाटेने जाऊन बघायचं. त्यांचा विषय ब्रेन. ब्रेन म्हणजे इथे मेंदू नव्हे. पण शेजारच्या आजोबांनी त्यांना एकदा डोकेदुखीवर गोळी विचारली, तेव्हा ताळेवाले हातातली भाजीची पिशवी कठड्याला टेकवून समजावत बसले. सगळं जग मुळात अतिबारीक तारांचं आहे असं मानणारी मंडळी आहेत. त्या तारांची टोकं ज्याला चिकटून राहतात तो पापुद्रा म्हणजे ब्रेन. चादरीसारखी पसरलेली असेल, दोऱ्यासारखी बारीक असेल, आपल्याला ठाऊक नसलेल्या दिशांतही गेलेली असेल.

"तुम्ही पाहिलीय?" आजोबांनी विचारलं.

"कुणीच पाहिलेली नाही."

"आणि पगार मिळतो?"

"मुदतीचा मिळतो," ताळेवाले म्हणाले.

एकसारख्या दोन ब्रेन समांतर ठेवल्या, तर वजनापायी त्या एकमेकींना ओढतात आणि अंगच्या प्रभारापायी ढकलतात. ओढ आणि ढकल इतक्या काटेकोर सारख्या, की बाकी शून्य. आजोबा म्हणाले, "म्हणजे सख्ख्या जावा." आणि एक सुलटी, एक उलटी ठेवली तर ढकलही ओढीलाच जाऊन मिळते. मग दोघी जवळ येतात, एकमेकींत विरून जातात, मागे उरते ती ऊर्जा, क्वचित एखादी लहानशी ब्रेन. "हे लग्न," आजोबा म्हणाले. ताळेवाले म्हणाले, "तसं सरसकट म्हणता येणार नाही," कारण विनोदसुद्धा त्यांना तपासल्याशिवाय मान्य होत नसे.

त्यांची खरी हातोटी होती ती नळकांड्यात. दोन ब्रेनमध्ये एक तार ताणलेली आहे आणि तिने फिरून एक वळसा घेतला, तर काळाच्या ओघात तिचं नळकांडं होतं. तेच नळकांडं आडवं करून बघा: आता एका ब्रेनने तारेचं बंद कडं सोडलं आणि दुसरीने ते झेललं. चित्र एक, गणितं दोन, आणि दोन्हींचं उत्तर एकच यायला हवं. मधल्या पानापानांवर एखादं उणे चिन्ह पळून जातं, कुठून तरी एखादा उपटसुंभ दोन येऊन बसतो, आणि मोठमोठ्यांचं नाक कापलं जातं. म्हणून या धंद्यात शहाणी माणसं तेच गणित दुसऱ्याला वेगळ्या खोलीत बसवून करायला लावतात. आपलं उत्तर त्याला दाखवायचं नाही. शेवटी दोघांनी आपापला कागद टेबलावर एकदम उलटा करायचा.

विभागात तो दुसरा माणूस कायम एकच होता, ताळेवाले. पाणी पिण्याच्या यंत्राला लागून त्यांची अरुंद खोली. तिथे बसून त्यांनी सगळ्यांचे उणे पकडले, सगळ्यांचे उपटसुंभ दोन हाकलले. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत त्यांचे आभार येत. लेख ज्याचा, त्याला बढती मिळे, ताळेवाल्यांना मुदतवाढ. "तुम्ही आहात म्हणून आम्हाला झोप लागते," असं विभागप्रमुख म्हणत. त्यांना सगळे साहेब म्हणत, आणि ते याच जिन्यात वरच्या मजल्यावर राहत. झोप त्यांना खरोखरच चांगली लागत असावी, कारण बैठकीतही लागायची.

पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी समितीचं पत्र आलं: यापुढे मुदतवाढ नाही. कायम व्हायचं असेल तर या वर्षअखेरपर्यंत एकट्याच्या नावावर एक तरी लेख दाखवा. नाहीतर जागा सोडा, आणि जागेबरोबर घरही. या वयात दुसरी कुठली संस्था दारात उभं करणार नाही हे ताळेवाल्यांना कुणी सांगायला नको होतं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं काम करायची. पत्र वाचून ती एवढंच म्हणाली, "मग लिहा की. इतकी वर्षं लोकांच्या घरची धुणी धुतलीत, एकदा स्वतःचा सदरा धुवा."

गंमत अशी की सदरा तयार होता. फावल्या वेळात ताळेवाल्यांनी स्वतःचा एक प्रश्न धरला होता. दोन ब्रेन शेजारी स्वस्थ बसल्या आहेत, ओढ नाही, ढकल नाही. तिसरी एक जवळून वेगात निघून गेली तर त्या दोघींच्यात काही पैदा होतं का? जिन्यातल्या कुठल्याही बाईने याचं उत्तर पोळी लाटता लाटता दिलं असतं, पण ताळेवाल्यांना त्याचा आकडा हवा होता. त्यांचं उत्तर: हो, होतं. अगदी क्षीण ओढ पैदा होते, आणि ती किती हे सांगणारा एक अपूर्णांक त्यांनी पार शेवटच्या पानावर काढला होता.

आता उरला ताळा. एकट्याचं उत्तर म्हणजे उत्तर नव्हे, ते मत, असं ते आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलेले. कोण बसणार?

आधी ते हेल्मेटकडे गेले. हेल्मेट म्हणजे विभागातला तरणा प्राध्यापक, वर्गातही हेल्मेट काखेत घेऊन शिकवणारा. त्याची बढती ताळेवाल्यांनी पकडलेल्या एका उण्यावर झाली होती.

"तुमचं मी तपासू?" तो हसायलाच लागला. "काका, सूर्य बरोबर उगवला की नाही हे कुणी तपासतं का?"

"एकदा करून बघ. महिनाभराचं काम आहे."

"अहो, तुमचं चुकणारच नाही, मग महिना कशाला घालवू? धाडून द्या बिनधास्त."

दुसऱ्या शहरात गेलेल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीनेही हेच लिहिलं, फक्त जास्त आदराने. जो भेटे तो हार घाली आणि वाटेला लावी. इतका मान एखाद्याला मिळाला की त्याचं काम कुणी करत नाही. ताळेवाल्यांना कायमची जागा हवी होती हे खरंच. पण कुणीतरी एकदा आपल्यासाठी खोलीचं दार लावून बसावं, हेही हवं होतं. ते त्यांनी वहिनीलाही सांगितलं नाही. या वयात असं काही मागणं म्हणजे वाढदिवसाला फुगा मागण्यासारखं.

शेवटी साहेब जिन्यात भेटले आणि आपण होऊन म्हणाले, "आणा इकडे. मी बघतो. तुमच्यासाठी एवढं नाही करणार?" ताळेवाल्यांना भरून आलं. घरी येऊन त्यांनी पानं नीट लावली, आणि रिवाजाप्रमाणे शेवटचं पान काढून कपाटात ठेवलं. बघणाऱ्याला उत्तर दिसता कामा नये. बाकीचा गठ्ठा ते वर देऊन आले.

वर्ष संपत आलं. साहेबांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर गठ्ठा, गठ्ठ्यावर कपाचा गोल डाग.

"बसा. जुळलं हो."

"जुळलं?" ताळेवाले खुर्चीच्या कडेवर बसले.

"तंतोतंत. तुमच्याकडून दुसरं काय होणार."

"साहेब, शेवटचा आकडा किती आला?"

"तुमचा आला तोच की."

"माझा किती आला?"

साहेबांनी गठ्ठा उचलला, शेवटून उलटला, पुन्हा पुढून उलटला. टेबलाखालीसुद्धा वाकून बघितलं. मग चष्मा काढून ठेवला. "हे बघा ताळेवाले, माझ्यामागे किती बैठका असतात तुम्हाला माहितीय. तुमचं बरोबर आहे हे कळायला मला करून बघावं लागत नाही. लेखाच्या शेवटी एक वाक्य टाका, हे गणित मी स्वतंत्रपणे पडताळलं म्हणून. समितीचं मी बघतो."

ताळेवाल्यांनी गठ्ठा घेतला आणि "थँक्यू" म्हटलं. हा थँक्यू पुढे त्यांना पायात गेलेल्या काट्यासारखा सलत राहिला.

घरी वहिनी कणीक मळत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टाका की वाक्य."

"अगं, केलं नाही त्यांनी."

"उत्तर बरोबर आहे ना?"

"असेल."

"असेल?" तिचे हात थांबले. "सगळं जग म्हणतंय बरोबर आहे, आणि तुम्ही म्हणता असेल?"

"एका ठिकाणी तिसरी फार जवळ येते. तिथलं चिन्ह मला एकट्याला... तूच म्हणतेस ना, दुसऱ्याने नंबर वाचल्याशिवाय दुकानात काच घासत नाहीत?"

"काच चुकली तर माणूस पायरीवर पडतो. तुमच्या ब्रेनवरून कोण पडणार आहे?"

इतक्या वर्षांत या प्रश्नाला विभागातही कुणाकडे उत्तर नव्हतं, पण तिथे तो कुणी विचारत नसे.

"वाक्य नको तर वाक्याशिवाय धाडा," वहिनी म्हणाली.

"ताळ्याशिवाय? मी?"

"हो, तुम्ही. सगळे धाडतात. आभाळ कोसळलंय का कुठे?"

तो गृहस्थ ढिम्म हलला नाही. उलट साहेबांना चिठ्ठी लिहिली: सवड काढून खरोखर एकदा कराल का? आता सांगा, असं कुणी साहेबाला लिहितं? 'खरोखर' हा शब्द साहेबांना झोंबला. त्यांनी चिठ्ठीला उत्तर दिलं नाही आणि जिन्यात समोर आले की मोबाइल कानाला लावायला लागले. वर्षअखेर आली तशी गेली. समितीपुढे ताळेवाल्यांच्या नावाने कोरा रकाना गेला.

मग, जखमेवर मीठ कमी पडलं होतं म्हणून की काय, लांबच्या एका संस्थेतल्या दोघा जणांचा लेख आला. प्रश्न तोच, तिसऱ्या ब्रेनचा. ताळेवाल्यांनी तो जेवणाच्या टेबलावर उघडला, पान पान करत खाली आले, आणि कपाटातून स्वतःचं शेवटचं पान काढून शेजारी ठेवलं. अपूर्णांक तोच. जिथे शंका होती तिथलं चिन्हही तेच. वहिनीने पाहिलं तर त्यांच्या तोंडावर हसू होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा ताळा केला होता. ते हसू खाली उतरायला वेळ लागला. कारण ताळा झाला आणि त्याच दमात गणित दुसऱ्याचं झालं. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत आभार होते: उपयुक्त चर्चेबद्दल, साहेबांचे. कुठल्याशा परिषदेत कॉफी पिताना साहेब त्या दोघांना बोलले असणार, आमच्याकडे एक जण असं असं काहीतरी करतोय. यात चोरी नाही. ती दोघं आधीपासूनच त्या वाटेवर होती. साहेबांनी फक्त पुढच्या वळणावर दिवा आहे एवढं सांगितलं.

ताळेवाले आपला गठ्ठा घेऊन समितीकडे गेले. समितीतल्या एकाने दोन्ही लेख शेजारी ठेवून विचारलं, "यांच्या आधी तुम्ही केलं याला साक्षीदार कोण?" ताळेवाल्यांनी समितीतच बसलेल्या साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "मी वरवर पाहिलं होतं. तपशील आठवत नाहीत." हे मात्र साहेब अगदी खरं बोलले. चोरीची बातमी निघाली ती या खोलीच्या दारातून, आणि पत्रपेट्यांपर्यंत यायला तिला जेमतेम दुपार लागली.

घर रिकामं करायच्या दिवशी जिन्यात खोकी होती. वहिनी खाली टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होती. जागा दोन खोल्यांची मिळालेली, तीही दुकानाच्या मालकाच्या ओळखीने, म्हणून ती सकाळपासून नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. "हे धरा," "ते सोडा," एवढंच. ताळेवाले शेवटचं खोकं दोरीने बांधत असताना साहेब वरून उतरले. हातात जाड लिफाफा.

"वाईट वाटून घेऊ नका. अशा गोष्टी होतात. या क्षेत्रात शेवटी सत्य बाहेर येतं हेच महत्त्वाचं, कुणाच्या नावाने येतं ते नाही," साहेब म्हणाले. ताळेवाले गाठ मारत राहिले. साहेबांनी लिफाफा खोक्यावर ठेवला. "जाता जाता एवढं बघून टाका. उलट्या ब्रेनचं आहे, पुढच्या महिन्यात जायचंय. तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ."

ताळेवाल्यांनी लिफाफा उचलला, उघडला नाही, साहेबांच्या हातात परत दिला आणि खोकं खांद्यावर घेतलं.

"माझी मुदत संपली, साहेब. आता तुमच्या चुका तुमच्याच नावावर राहू देत."