भूल देणाऱ्यांचा क्लास

डॉ. गुरुबसप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उलटे होते, कारण मी ऑपरेशन टेबलावर उताणा होतो आणि ते माझ्या डोक्याशी उभे होते. त्यांच्या एकेका नाकपुडीतून लातूर-औसा एसटी आरामात गेली असती. "गाव कोणतं?" त्यांनी विचारलं. "चाकू..." मी म्हणालो. त्यातला 'र' मी तीन तासांनी शुद्धीवर आल्यावर उच्चारला.

किल्लारीच्या भूकंपात तंबूत जखमींना भूल देणारा हा माणूस पुढे बिलकीसला मात्र घाबरला. बिलकीस तृतीयपंथी, आधार कार्डावर जिलानी. पित्ताशय काढायचं होतं.

"काय कापायचं ते कापा डाक्टर," ती म्हणाली. "पण उठवताना जिलानी म्हणू नका. मागल्या बारीला दुसऱ्या दवाखान्यात त्याच नावानं उठवलं. डोळे उघडले तर समदे हसून राहिले होते."

ऑपरेशन गुरुवारी होतं. लातूरकर तयारी कशी करणार? क्लास लावून! गुरुबसप्पा स्वतः पेशंट होऊन टेबलावर आडवे झाले, पोट छतापर्यंत गेलं, आणि सराव परीक्षा सुरू झाली.

पहिला बळी ज्युनिअर डॉक्टर रुद्रेश, बारावीला बोर्डात आलेला. त्यानं फरशीकडे बघत घडाघडा म्हटलं, "हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का आधी कुठलं ऑपरेशन झालंय का..."

"पेशंट फरशीवर हाय का रे?" पोट गरजलं. "माझ्याकडं बघ. पडदा लाव. गोळ्या कशाला विचारतो ते सांग, न्हाईतर ती म्हणंल ह्याला काय करायच्या चौकशा!"

"रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून."

"हां! आन् हाक?"

"जिला..."

"नापास!"

अंजू सिस्टर हसली, तर तीही नापास.

गुरुवारी ऑपरेशन झालं. रुद्रेश वाकला, "बिलकीसआपा, डोळे उघडा. झालं सगळं. बिलकीसआपा!"

तिनं एक डोळा उघडून सगळ्यांची तोंडं तपासली. कुणी हसत नव्हतं.

"वरडतो कायकू? हितंच हाय मी," ती म्हणाली.

गुरुबसप्पांनी पूर्ण स्टाफला पेढे वाटले, पहिला स्वतः खाल्ला.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि क्लास बंद पडला. रुद्रेश पुढच्या शिक्षणाला गेला. पावसाळ्यात बिलकीसचा पाय मोडला, ऑपरेशन ह्याच दवाखान्यात झालं. तिला जिलानी म्हणून उठवलं.