चकतीवरचं कुंकू
दसऱ्याला तेलात कालवलेल्या कुंकवाचा वास आला की मला मुरबाडचं एक गॅरेज आठवतं. तिथल्या मेकॅनिकनं एका दसऱ्याच्या आदल्याच दिवशी माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकचं कॅलिपर बदललं होतं. सकाळी आईनं गाडीची पूजा केली, तिला मागं बसवून मी शेणव्याहून निघालो, तर ब्रेक दाबला की अशी किंकाळी उठे की भात कापणारी माणसं माना वर करून बघत. उतारावर तर गाडी थांबता थांबेना. माझं डोकं सणकलं. गॅरेज गाठून मी त्या मेकॅनिकला चारचौघांत झापलं, "आईला पाडलं असतंस आज!" त्याच्या हत्यारांची नुकतीच पूजा झाली होती. पूजेला मांडलेले पाने त्या दिवशी हलवत नाहीत, पण त्यानं नमस्कार करून उचलले. ब्रेकचे पॅड काढून उन्हात धरले, मग बाकावरच्या आईकडे एकवार पाहिलं. पॅड पॉलिश पेपरवर घासले, ब्रेकची चकती पेट्रोलनं पुसली आणि म्हणाला, "चूक माझी हाय, भाऊ. माझ्याच हाताचं तेल लागलं असंल." ब्रेक गप्प झाला. निघताना तो आईला हळूच म्हणाला, "आई, पुढच्या टायमाला कुंकू हेडलाइटला लावा, गाडीला तिथनं वाट दिसते." आई हसली, "बरं रे बाबा. ती चकती चकाकत व्हती, म्हनून तिलाच लावलं." तेव्हा कुठं मला त्याच्या हातातलं, चकती पुसून लाल झालेलं फडकं दिसलं. मी किक मारली. आजही हेडलाइटवर कुंकवाचं बोट टेकवताना मी दरवेळी थोडा थांबतो.