दळवीबाईंच्या मुंडावळ्या

चित्रं काढणारं कुठलंही नवं एआय दुकानात आलं, की दळवीबाई त्याच्याकडे आधी मुंडावळ्या मागत. डोंगर, सूर्यास्त, मांजराचं पिल्लू असलं काही करून बघणं नाही. चष्मा नाकावर ओढायचा आणि टाइप करायचं, ‘मुंडावळ्या बांधलेली मालवणी नवरी’. मग मुलगी बघायला आल्यासारख्या त्या हाताची घडी घालून पडद्यासमोर बसत.

भांडुपला स्टेशनजवळच्या गल्लीत आमचं लग्नपत्रिकांचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. मी तिथे लागले तेव्हा बाई तिथल्या सगळ्यांत जुन्या होत्या. आता त्या नाहीत. त्यांच्या खुर्चीवर सध्या कागदाचे गठ्ठे ठेवलेले असतात, आणि ते उचलून मी रोज दुसरीकडे ठेवते.

दुकानात तेव्हा चित्रांची दोन एआय होती. बाई त्यांना थोरली सून आणि धाकटी सून म्हणत. थोरली दिसायला झकास काम करायची, पण नवरी कुडाळची सांगा नाहीतर कणकवलीची, तिच्याकडून यायची ती गोरीपान नटीच. मुंडावळ्या ती हारासारख्या गळ्यात घालायची. धाकटीचा जीव शेरवानीत. नवऱ्या मुलाचं तोंड ती फुलांच्या पडद्याआड झाकून टाकायची. एकदा बाईंनी तिला समजावून लिहिलं, की कपाळाला बांधतात त्या. तिने नवरीच्या कपाळाला पांढरीशुभ्र पट्टी बांधून दिली. बाई शांतपणे म्हणाल्या, “वाट लागली. लग्नात डोकं फुटलं हिचं.” आम्ही हसून हसून बेजार झालो.

मग मालकांनी तिसरं एआय आणलं, ती नवी सून. तिन्ही तपासा, एक ठेवू, असं त्यांनी आम्हा दोघींना सांगितलं. मी रंग बघत होते, अक्षरं नीट येतात का बघत होते. नवीला देवनागरी तितकंसं जमत नव्हतं. मी तसं म्हटल्यावर बाई म्हणाल्या, “अक्षरं आपण लिहू गं. आधी हिला माहेरचं वळण आहे का ते बघू.” आणि नवीने मुंडावळ्या बरोबर काढल्या. कपाळावरून, दोन्ही कानांशेजारी मोत्यांचे सर सोडलेल्या, अगदी आपल्या मांडवात असतात तशा. बाई हसल्या नाहीत. डोळ्यांना पदर लावून बसल्या. मला काही कळेना.

ते मग त्यांनीच सांगितलं. बाईंच्या लग्नाचा एकही फोटो नव्हता. त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे दळवीकाकांचा, एक मावसभाऊ हौसेने कॅमेरा घेऊन आला होता. दिवसभर फ्लॅश उडवला, सगळ्यांना हनुवटी वर करायला लावली, आणि कॅमेऱ्यात रोल घालायलाच विसरला. इतकी वर्षं त्या गोष्टीवर घरात हशा पिकायचा. पण आता काकांची आठवण जात चालली होती. ज्या बायकोला जन्मभर मालवणीत ‘गो’ म्हणून हाका मारल्या तिला ते ‘अहो बाई’ म्हणायला लागले होते. संध्याकाळी बाई घरी गेल्या की ते त्यांना पाहुणीसारखं खुर्चीवर बसवत, पाणी विचारत, आणि थोड्या वेळाने म्हणत, की उशीर झाला, तुमच्या घरचे वाट बघत असतील. मी तुमची बायको, असं बाईंनी सांगितलं की ते सभ्यपणे म्हणत, “मग लग्नाचा फोटो दाखवा.”

म्हणून मुंडावळ्या. गंमत म्हणून आम्ही बघायचो ती परीक्षा बाई मनापासून घेत होत्या. त्यांना स्वतःच्याच घरात राहायला पुरावा हवा होता.

दोघांचे तरुणपणीचे एकेकटे फोटो होते, ते आम्ही नवीला दिले. तिने त्यावरून लग्नाचा फोटो करून दिला: मोतिया रंगाची साडी, पाठीमागे मांडव, शेजारी काटकुळे काका. खोटं म्हणून ओळखायला काही जागाच नव्हती. बाईंनी तो छापून घेतला, पदराखाली धरून घरी नेला. मी रात्रभर देवाला विनवत होते, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

सकाळी त्या आल्या त्या सरळ येऊन माझ्यासमोर बसल्या. काकांनी फोटो खूप वेळ बघितला होता. मग त्यांच्यावरच खेकसले होते.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, ही बाय कोण गो? आमच्या लग्नात फोटो खंय इले? त्या मेल्यान रोलच घालूक नाय. आणि तुझी तर एका बाजूची मुंडावळ तुटलली, पाटावर बसताना.” बाईंनी माझा हात धरला. “मी विसरले होते गं ते तुटलेलं. त्यांना आठवलं. आणि स्मिता, मला ‘गो’ म्हणाले.”

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा ‘अहो बाई’वर आले. बाईंनी फोटो परत दाखवला नाही. कॉम्प्युटरवरचाही मला पुसायला लावला. एक संध्याकाळ पुरली, असं त्या म्हणत, आणि ती खरोखरच त्यांना शेवटपर्यंत पुरली. काकांच्या आधी त्याच गेल्या. त्या गेल्याचं काकांना कळलं नाही. अजूनही ते एका बाईची चौकशी करतात, जी संध्याकाळी यायची.

मालकांनी नवीलाच ठेवलं. आता तिच्याहून नव्या येतात, आणि मीही त्यांच्याकडे आधी मुंडावळ्या मागते. हल्ली सगळ्यांनाच जमतात. दोन्ही सर व्यवस्थित आले, की मी त्यातला एक हाताने पुसून टाकते, क्षणभर बघत बसते आणि सेव्ह न करता बंद करते.