धडधाकट असल्याचा दाखला

बी.कॉम. झाले त्या वर्षी मला वाटलं होतं, आता कोणी माझ्या पायाबद्दल विचारणार नाही. लहानपणी डाव्या पायाला पोलिओ झालेला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी कॅलिपर. तो घालूनच मी नारपोलीच्या आमच्या चाळीतून कॉलेजला गेले, मराठी आणि इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास झाले. बाबा कापडाच्या लूमवर कामाला होते. शिफ्ट सुटली की केसांतला कापूस झटकत घरी यायचे आणि आधी विचारायचे, "नोकरीचं पत्र आलं काय गं?"

पत्र येत नव्हतं. शेवटी बाबांनी ओळखीने एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात शब्द टाकला. तिथे क्लार्क हवा होता. आम्ही दोघं गेलो. मॅनेजरने माझी सर्टिफिकेटं चाळली आणि बाबांना विचारलं, "हिला चालता येतं ना?"

मी रस्त्यापासून त्याच्या टेबलापर्यंत चालतच आले होते.

"चालते की," बाबा म्हणाले. "कालेजात रोज जायची."

"लिहिताना हात वगैरे कापत नाही ना?"

"साहेब, अधू आहे तो पाय, हात नाही," मी म्हणाले. "आणि मला विचारलंत तरी चालेल."

तो हसला, चहा मागवला आणि पुन्हा बाबांनाच म्हणाला, "मुलगी हुशार आहे हो. पण इथे सारखी ट्रकची ये-जा. उद्या पडली-बिडली तर जबाबदारी कोणाची? हिच्यासाठी बसून करायचं काम बघा." क्लार्कचं काम उभ्याने कसं करतात, ते मला आजवर कळलेलं नाही.

बाहेर आल्यावर बाबा चालता चालता थांबले. मग म्हणाले, "येवढं तोडून बोलायची गरज न्हाय व्हती."

"पुढच्या वेळी मी एकटी जाणार," मी म्हणाले. त्यांना ते लागलं. पण ते सोबत असले की मी खोलीतून नाहीशी व्हायचे, हे त्यांना कसं सांगणार?

तेव्हा नाक्यानाक्यावर एसटीडीचे फोन बूथ निघत होते. अपंगांना ते लवकर मिळतात असं कोणीतरी सांगितलं आणि सगळी चाळ माझ्या मागे लागली. नळावर भेटलेली बाईसुद्धा म्हणायची, "बूथ घे ना, बरं पडेल." कॉमर्समध्ये फर्स्ट क्लास होता माझा. मला काचेच्या पेटीत बसून मीटर बघायचं नव्हतं.

दोन वर्षांनी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजकडून कॉल आला. एका सरकारी कार्यालयात टायपिस्टची जागा, अपंगांसाठी राखीव. परीक्षा दिली, निवड झाली. आईने चाळीत पेढे वाटले. त्यानंतर तिथल्या क्लार्कने कागदांची यादी हातात ठेवली. अपंगत्वाचा दाखला माझ्याकडे होता. शेवटचा कागद होता शारीरिकदृष्ट्या सक्षम असल्याचा दाखला.

"जागाच अपंगांची आहे," मी म्हणाले.

"हो, पण नियम सगळ्यांना सारखा."

सरकारी दवाखान्यात गेले, तर समोर तेच डॉक्टर, ज्यांनी माझा पहिला दाखला लिहिला होता. म्हणाले, "मीच तुम्हाला अपंग लिहिलंय. आता मीच धडधाकट लिहू? उद्या चौकशी लागली तर?"

"टायपिंगला धडधाकट, एवढंच लिहा."

"तसा फॉर्म नाही."

फॉर्म आणायला कार्यालयात गेले. क्लार्क म्हणाला, फॉर्म दवाखान्यात मिळतो. दवाखाना म्हणाला, कार्यालयाचं पत्र आणा. पत्र मिळालं, तोवर डॉक्टरांची बदली झाली. नवे डॉक्टर पहिल्यापासून तपासायला लागले. एसटीतून किती खेपा झाल्या, मोजल्या नाहीत. मुदत संपली आणि जागा रिकामीच राहिली. योग्य उमेदवार मिळाला नाही, असा शेरा त्यांनी मारल्याचं मला मागाहून कळलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी कॅलिपर काढून भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडा उडाला. आईने केरसुणी घेतली.

त्यानंतर कामतघरला सुताच्या एका व्यापाऱ्याकडे टायपिस्ट हवी असल्याचं कळलं. एकटीच गेले. शेटने वर पाहिलं, कॅलिपरकडेही पाहिलं.

"टाइपिंग आता है?"

"आता है."

"करके दिखाओ."

मशीनची रिबन वाळलेली होती. ती आधी बदलली, मग पत्र टाइप करून दिलं. त्याने दोनदा वाचलं. "कल से आओ." फक्त माझं टेबल त्याने मागे, सुताच्या गाठोड्यांच्या आड लावलं. गिऱ्हाईक उगाच चौकशा करतात म्हणे. नोकरी हवी होती, म्हणून गप्प बसले. पण रोज तिथे बसताना अंगाचा तिळपापड व्हायचा. सहा महिन्यांनी मीच सांगितलं, मागे उजेड नाही, मी पुढे बसणार. तो कुरकुरला, मग टेबल हलवायला हमालांना हाक मारली.

एकदा माझ्या हातून दोन पार्ट्यांची पत्रं उलटसुलट पाकिटांत गेली. शेट भर दुकानात माझ्यावर ओरडला. "पढ़ी-लिखी हो, ध्यान कहाँ रहता है?" सगळे ऐकत होते. मी मान खाली घालून दोन्ही पत्रं पुन्हा टाइप केली.

घरी आईला सांगितलं, तर ती भडकली. "अशा पोरीवर वरडायला लाज न्हाय वाटली त्याला?"

"अशा म्हणजे कशा?" मी विचारलं. "चूक माझी होती, आई."

ती भाकरी थापत राहिली. पायाचा उल्लेखही न करता, नुसत्या चुकीसाठी कोणी मला झापलं, असं पहिल्यांदाच घडलं होतं. ते तिला कितीही समजावलं असतं, तरी पटलं नसतं.