एकेरी लाईनवरचं जुनं गाव

आम्ही चौघं भेटलो की मेसची भाजी, क्लासचे सर हे विषय लगेच संपतात आणि बोलणं त्या रेल्वेच्या गेमवर येतं. किस्से इतके साठलेत की एक सांगायला घेतला की मागचे हॉर्न वाजवायला लागतात!

मी नांदेडचा, बारावीला लातूरला होतो. क्लास सुटला की फारूकच्या भावाच्या नेट कॅफेत जाऊन कॉम्प्युटरवर रेल्वे उभारायची. कंपनी चौघांची, गाड्या ज्याच्या त्याच्या, पण रूळ सामाईक. डोंगरातली लाईन तर एकेरी! म्हणून नियम होता, तिथे गाडी घालण्याआधी "लाईन घेतो!" असं ओरडायचं.

एकदा टेस्टमध्ये मार्क कमी पडले आणि त्या तंद्रीत माझं ओरडायचं राहिलं. समोरून फारूकची मालगाडी! दोन्ही इंजिनं नाकाला नाक लावून उभी. फारूक म्हणाला, "उतरा आता अन् गळाभेट घ्या!"

मला मात्र घाम फुटला. तोटा वाढला की कंपनी बुडणार आणि आम्ही बांधलेलं सगळं कायमचं जाणार.

दुसऱ्या वेळी आम्ही ओरडत होतो, "थांबव! समोरून येतीय! गेली!" मुलाचा फॉर्म भरायला आलेले एक काका धावत आले. "कुठं झालं रे? आमची मानसं उदगीरच्या गाडीत हायत!"

देवणीच्या सुमेधने धडक टाळायला पावलोपावली सिग्नल ठोकले. सगळे लाल, एकही गाडी हलेना. आम्ही शिव्या घातल्या तर म्हणतो, "पन एक तरी धडकली का?"

आणि बालाजी. त्याने एकेरी लाईनच्या मधोमध, दोन घरांच्या वस्तीपाशी स्टेशन बांधलं होतं. त्याची गाडी तिथे थांबायची, कुणी चढायचं नाही, मागे आमच्या गाड्या खोळंबायच्या. कंपनी बुडायला आली तेव्हा फारूक भडकला. "पाडतो ते स्टेशन! एका गाडीपायी सगळे मरून राहिलो!"

पाडायला म्हणून त्याने स्टेशनवर क्लिक केलं. बालाजीने त्याला नाव दिलं होतं, जुनं गाव.

भूकंपात बालाजीचं गाव गेलं होतं. आई आणि बहीणही. सरकारने नवं गाव लांब वसवलं, सुट्टीत तो तिकडेच जायचा. जुन्याबद्दल मात्र तो कधी एक अक्षरही बोलला नव्हता.

"पाड," बालाजी म्हणाला. "तिथं कुनी चढत न्हाई."

स्क्रीनवर कंपनीचा लाल आकडा वाढतच होता. मग फारूकने आपल्या एक्सप्रेसच्या थांब्यांत ते स्टेशन घातलं आणि अख्ख्या कॅफेला ऐकू जाईल असा ओरडला, "लाईन घेतो!"